निरोप झाला, पण गेलो नाही

तांडापेठ, नागपूर
मे महिन्यातली दुपार, लाइट गेलेली

तीर्थरूप मुकुंददादास,

कामिनीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनानं. कंबर धरली आहे. खरोखर वाकले तर मला सरळ करायला पुण्याहून तुलाच यावं लागेल.) वहिनींनाही नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, शुगर किती निघाली, आणि वहिनींनी बंद केलेला रात्रीचा भात खरंच बंद आहे की तू लपून खातोस, हे सविस्तर कळव. इकडे सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी आणि महादेवराव. घरात तिसरं कोणी उरलेलं नाही, त्यामुळे आमची खुशाली एका ओळीत संपते. पियुष तर तुझ्याच गावात नोकरी करतो आणि दर रविवारी तुमच्याकडे जेवतो, तेव्हा आपल्या पोराची खुशाली मी तुलाच विचारायला हवी. मला तो नुसतं "ठीक" असं पाठवतो. बारीक झाला का?

आता तू म्हणशील, या दिवसांत पत्र कशाला. फोन केला तर तू तो स्पीकरवर टाकतोस, वहिनी स्वयंपाकघरातून "कधी निघताय" म्हणून विचारतात, आणि मी "निघतोच" म्हणून ठेवून देते. व्हॉट्सॲपवर काही लिहावं तर तू अंगठा दाखवतोस. गेले बरेच दिवस तर अंगठाही दाखवलेला नाहीस. म्हणजे तू रागावला आहेस, आणि तुझा राग बरोबर आहे. तू तुमच्या समोरचा फ्लॅट आमच्यासाठी धरून ठेवलास. मालकाला शब्द दिलास. तुमच्या सोसायटीत महादेवरावांसाठी मॅनेजरची जागा बोलून ठेवलीस. अक्षय्य तृतीयेला आम्ही येणार म्हणून वहिनींनी पुरण घातलं, आणि आम्ही आलो नाही. या रविवारी त्या मालकाला शेवटचं उत्तर द्यायचं आहे, हे पियुषनं मला कळवलं. (या वेळी चक्क पूर्ण वाक्य लिहिलं त्यानं, म्हणजे घरात वातावरण गरम असणार.) ते उत्तर या पत्रात आहे. पण मला तिथवर पोचायला वेळ लागेल. मधली पानं उलटू नकोस, मी तुला लहानपणापासून ओळखते.

आधी हे सांगते की जायचं आम्ही अगदी मनापासून ठरवलं होतं. तू पाहिली होतीस ती गल्ली आता राहिली नाही. पोरंच नाहीत. कोणाचं पुण्याला, कोणाचं हैदराबादला, मनकर्णाकाकूंच्या दोन्ही मुली बंगळुरूला. संध्याकाळी कोणाच्या वरणात चेंडू येऊन पडत नाही. मार्च लागला की सगळे दारं लावून कूलरपुढे बसतात, आणि कूलरच्या आवाजात बाहेरून कोणी हाक मारली तरी ऐकू येत नाही, म्हणून हळूहळू हाक मारणंच बंद झालं. जाणाऱ्यांना विचारलं, काहून चालले, तर सगळे ठरलेलं सांगतात. एक तर ऊन. नाहीतर स्कोप. आणि दोन्ही नसेल तर "अठी काही होऊनच नाही राहिलं". आमच्या घरात महादेवरावांनी स्कोप घेतला आणि मी ऊन घेतलं.

सदर बाजारातल्या कापडाच्या दुकानात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला पन्नाशीत कसला स्कोप हवा आहे, हे मला कळत नव्हतं. मग एक दिवस जेवताना बाहेर पडलं. मालकांचा मुलगा कुशल आता दुकानात बसतो. पोरगा वाईट नाही, शिकून आला आहे, केस वर उभे ठेवतो. त्यानं दुकानाची मांडणी बदलली आणि त्या मांडणीत यांची खुर्ची मालकांच्या गादीजवळून उचलून दाराशी, चपलांच्या रॅकच्या बाजूला ठेवली. आणि महादेवभाऊ म्हणायचं सोडून "अंकल" म्हणायला लागला. बस, एवढंच. त्या दिवसापासून हे रात्री वरणभातावर विदर्भाच्या अनुशेषाबद्दल बोलू लागले.

मी तरी कुठली शहाणी. मी उन्हाचं नाव घेत होते. ऊन काय मला आज भेटलं? जन्मल्यापासून त्याच्याशी ओळख आहे. खरं असं होतं दादा, की पियुष गेल्यावर संध्याकाळी मी दारात उभी राहायची आणि समोरून कोणी विचारायचं नाही, आज भाजी काय केली म्हणून. एकदा मी मुद्दाम गवारीची शेंग घेऊन ओट्यावर निवडत बसले. पूर्ण निवडून झाली. कोणी विचारलं नाही. त्या रात्री मी यांना म्हटलं, चला पुण्याला, इथलं ऊन सहन होत नाही. मला वाटतं, माणूस गावाला कंटाळत नसतो. गाव आपल्याला विचारेनासं झालं की तो मनातल्या मनात सामान बांधायला लागतो, आणि लोकांना सांगायला ऊन तयारच असतं. उन्हाचं नाव घेतलं की कोणाचं मन मोडत नाही.

तर, जायचं ठरलं. आणि जायचं ठरल्यावर आपल्या गल्लीचा रिवाज आडवा आला. तुला आठवत असेल, गाव सोडून जाणाऱ्या घराला शेवटच्या दिवसांत चूल पेटवू देत नाहीत. रोज एका घरचं जेवण. बाईची ओटी भरायची, माणसाला टॉवेल-टोपी. ज्या शेजाऱ्यांनी वर्षभर दार उघडलं नव्हतं त्यांनी एकामागून एक आमंत्रणं दिली. आता तांडापेठेत निरोपाचं जेवण म्हणजे काय असतं, हे वहिनींना तू समजावून सांग. सावजी मटण. मसाला हातानं वाटलेला, वरती बोटभर लाल तेल, आणि खाणाऱ्याच्या कपाळावर घाम आला नाही तर वाढणारीला कमीपणा. एप्रिलची लू चालू. पहिल्या घरी जेवलो. दुसऱ्या घरी जेवलो. तिसऱ्या घरी मटणाचा वार नव्हता म्हणून बेसनाच्या वड्यांचा पाटोडी रस्सा होता, तो मटणाहून जहाल. मी भात कालवून वेळ मारून नेली. पण महादेवरावांना प्रत्येक घरी जावयासारखं आग्रहानं वाढत होते, आणि यांना तर कितीतरी दिवसांनी कोणीतरी महादेवभाऊ म्हणत होतं. ते नाही म्हणेनात. शेवटचं जेवण मनकर्णाकाकूंकडे झालं. तिथून परत येताना हे गल्लीत दोनदा थांबले, आणि तिसऱ्यांदा थांबले ते डॉक्टरकडेच. डॉक्टर म्हणाले, पोट पार सोललं गेलं आहे, पंधरा दिवस ताक-भात, आणि ट्रॅव्हल्सच्या गाडीत रात्रभर बसायचं नावही काढू नका.

आता आमची अवस्था लक्षात घे. माझी ओटी भरून झालेली होती. सगळ्या गल्लीनं डोळे पुसून झालेले होते. मनकर्णाकाकू माझ्या गळ्यात पडून, "आता कोनाच्या तोंडाकडे पाहू वं माय," असं म्हणाल्या होत्या (गेल्या वर्षभरात त्यांनी माझ्या तोंडाकडे कधी पाहिलं ते मला आठवत नाही, पण त्या रात्री मलाही रडू आलं). एवढं सगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन त्यांच्याच दारावरून कोथिंबीर आणायला जायचं? निरोप दिलेल्या माणसाला एक लाज असावी. मी यांना म्हटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, गुपचूप राहू, बरं वाटलं की पहाटेच निघून जाऊ, कोणाला कळणार नाही. पुढचं दार आतून लावलं. खिडक्या लावल्या. मागच्या बोळातून मी तोंडाला ओढणी गुंडाळून थेट दुसऱ्या वस्तीतून भाजी आणत होते. आपल्याच गल्लीत आपण चोरासारखे राहिलो दादा, आणि तरी सांगते, घरातला कोपरा न् कोपरा इतक्या मायेनं मी त्या आधी कधी पाहिला नव्हता.

फक्त उकडत होतं. कारण कूलर नव्हता. तो मी मनकर्णाकाकूंना देऊन टाकला होता. पुण्यात कूलर लागत नाही, असं वहिनी तीन उन्हाळे सांगत होत्या, म्हणून मी थोर मनानं म्हटलं, न्या काकू, आठवण म्हणून वापरा. काकूंनी तो त्याच दिवशी खिडकीत बसवला. नुसता ठेवला नाही. खिडकीचे गज कापून, बाजूनं सिमेंट लावून बसवला. तो आता त्यांच्या घराचा भाग आहे. रात्री पलीकडून माझ्याच कूलरचा आवाज यायचा आणि आम्ही दोघं ओली चादर पांघरून तो ऐकत पडायचो. त्याच्या पंख्याला एक खर्रखर्र होती, ती मला इतकी आवडते हे मला माहीत नव्हतं.

याच काळात गवंडी आला. त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. आपलं हे आईबाबांचं घर ज्या नवरा-बायकोला भाड्यानं द्यायचं होतं, कामठीची माणसं, त्यांची एकच अट होती: पुढच्या खोलीतली ती दबलेली फरशी सरळ करून द्या. तुला ती फरशी सांगायला नको. दर पावसाळ्यानंतर खाली जायची, आई तिच्यावर पाट ठेवून झाकायची, आणि पाहुणे नेमके पाटावर बसून कलंडायचे. गवंड्यानं फरशी उचलली, पहार मारली आणि म्हणाला, "अजी बाई, ह्याच्यात मातीच नाही. राख हाय राख. दबनच ना मग." मी जाऊन पाहिलं. खाली बाबांच्या हातमागाचा खड्डा होता. बाबा विणायला बसत तेव्हा पाय सोडायचे तोच. वरपर्यंत राखेनं भरलेला. खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनची राख, करडी, मऊ, पिठासारखी. मामा तिथं कॉलनीत राहत होते आणि त्यांनीच ओळखीच्या ट्रकमधून पाठवली होती, हे मला तिथं उभं राहिल्यावर आठवलं. तुलाही आता आठवलं असेल. जरा थांब, त्याच्याकडे मी येणार आहे.

गवंडी म्हणाला, सगळी राख काढून गिट्टी भरावी लागेल. काढ म्हटलं. त्यानं ती मागच्या अंगणात ढीग करून ठेवली. मी सांगितलं होतं, आवाज करू नको. त्यानं बिचाऱ्यानं आवाज अजिबात केला नाही. पण दुपारी लू सुटली. ती काय कोणाच्या सांगण्यात आहे. आपल्या अंगणातून राखेचा जो लोट उठला तो भिंतीवरून थेट मनकर्णाकाकूंच्या गच्चीवर गेला, जिथं त्यांनी बंगळुरूच्या दोन्ही मुलींसाठी वर्षभराच्या कुरड्या वाळत घातल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र कुरड्या. पाच मिनिटांत त्या पॉवर स्टेशनच्या झाल्या.

काकू मागच्या दारानं आल्या. हातात झारा होता. "कोन हाय वं त्या बंद घरात?" असं त्यांनी दारातूनच विचारलं, आणि मग मी दिसले. डोक्यापासून पायापर्यंत राखाडी. पलंगावर महादेवराव, तेही राखाडी, हातात ताकाचा ग्लास. काकूंनी झारा खाली ठेवला. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अवं, गेल्या नाही का तुमी?" मी म्हटलं, नाही गेलो काकू. त्या म्हणाल्या, "मंग सांगाले काय झालं होतं? मी अठी रोज संध्याकाळी तुह्या बंद दाराकडे पाहून राहिली अन् तू आतमध्ये?" आणि पदरानं डोळे पुसले. कुरड्यांसाठी की आमच्यासाठी ते मी विचारलं नाही. मग त्या उठल्या, पुढच्या दाराची कडी त्यांनी स्वतः काढली आणि गल्लीत उभ्या राहून इतक्या मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं, की दोन-तीन कूलर बंद झाल्याचं मला ऐकू आलं.

त्या दिवसापासून लपणं संपलं. आणि गवंडीही संपला. त्याच्या गावी सोयरिकीतलं लग्न होतं, तो "परवा येतो" म्हणून गेला. लग्नाचे दिवस आहेत, तो परवा अजून उजाडलेला नाही. खड्डा उघडाच राहिला, पुढच्या खोलीच्या मधोमध. कामठीचं जोडपं येऊन तो पाहून गेलं आणि त्यांनी नम्रपणे दुसरं घर पाहिलं. एका दुपारी अशीच लाइट गेली. महादेवराव अशक्तपणानं भिंत धरून चालत होते. खड्ड्याच्या काठावर टेकले आणि तोल जाऊन पाय आत गेले. मी धावले. तर ते तसेच बसून होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी फार दिवसांत न पाहिलेली शांती होती. "कामिनी," ते म्हणाले, "खाली गार आहे."

खोटं सांगत नाही दादा. बाहेर पंचेचाळीस, आणि त्या खड्ड्यात पाय सोडले की खालून ओल चढते, पायांतून डोक्यापर्यंत. बाबा भर मे महिन्यात दिवसभर मागावर कसे बसायचे, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. आम्ही दोघं समोरासमोर पाय सोडून बसलो. दुसऱ्या दिवशी मनकर्णाकाकू उरलेल्या कुरड्या धुवायला काय करू विचारायला आल्या आणि त्यांनीही पाय सोडले. (माझा कूलर घरी चालू ठेवून आल्या होत्या.) कूलर नाही म्हणून दार उघडं, दार उघडं म्हणून जाणारायेणारा डोकावतो, डोकावला की बसतो. आता संध्याकाळी आपल्याकडे खड्ड्याभोवती नंबर लागतात. कोणी कैरीचं पन्हं आणतं, कोणी मुलाचा फोन आला तर तिथंच बसून घेतं आणि मोबाइल खड्ड्यात धरून पाय दाखवतं. परवा मी गवार निवडत होते तर चौघींनी विचारलं, काय करून राहिली वं भाजी. चौघींनी वेगवेगळ्या पद्धती सांगितल्या आणि त्यावरून भांडण झालं. किती छान भांडण होतं ते.

आणि नत्थूजी आले. बाबांच्या शेजारी माग टाकून बसायचे ते नत्थूजी. आता पाठीत पार वाकले आहेत, काठी घेऊन येतात. खड्ड्याच्या काठाशी उभे राहून त्यांनी आत पाहिलं, मग काठी टाकली आणि उतरले. बसल्यावर त्यांचे पाय आपोआप हलायला लागले, एकदा डावा, एकदा उजवा, जणू खाली अजून मागाच्या, पायानं दाबायच्या पट्ट्या आहेत. "बापूचा खड्डा लय खोल होता गा," ते महादेवरावांना म्हणाले. "लंब्या टांगांचा मानूस. माह्या खड्ड्यात त्याचे गुडघे तोंडाले लागत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माहा माग अजून माळ्यावर पडून हाय. पोरगा म्हन्ते, भंगारात देऊ. अठी बसवू का वं, कामिनी?" मी म्हटलं, नत्थूजी, आता मागावर पोट भरेल का? ते म्हणाले, "पोट भराले कोन म्हन्ते? पाय गार ठेवाले."

आता ज्याच्याकडे येणार म्हटलं होतं त्याच्याकडे येते. दादा, मी तेव्हा लहान होते, पण इतकीही लहान नव्हते. दहावीच्या सुट्टीत तुला मामाकडे खापरखेड्याला पाठवलं, आणि तू नाही तेवढ्यात बाबांनी माग विकला आणि खड्डा बुजवला. तू आलास तेव्हा खोलीत नवी फरशी होती. तू शाळेतून आलास की दप्तर टाकून त्या खड्ड्यात उतरायचास, बाबा जेवायला उठले की दोन-चार हात मारून घ्यायचास, आणि बाबांना ते विणलेलं काढून पुन्हा करावं लागायचं. ते कधी ओरडले नाहीत. पण तू मागावर बसावंस असं त्यांना वाटत नव्हतं, कारण मागावर बसून आपलं काय झालं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी तुझ्यासाठीच बुजवला. तुला ते पटलं की नाही, तू कधी बोलला नाहीस. त्या फरशीवरून मात्र तू कधी चालला नाहीस, भिंतीच्या कडेनं जायचास, हे मी पाहिलं आहे. डिप्लोमा झाला आणि तू पुण्याला गेलास. सगळ्यांना सांगितलंस, तिकडे स्कोप आहे. मी इतकी वर्षं ते खरं मानलं. आता महादेवरावांची खुर्ची पाहिल्यावर मला वाटतं, तुझीही एक खुर्ची होती, आणि ती जमिनीच्या खाली होती. मी चुकत असेन तर तसं लिही. बरोबर असेन तर काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

कुशलचं सांगायचं राहिलं. तो गेल्या आठवड्यात गाडी घेऊन घरी आला. बाहेर बूट काढले, आत आला, खड्डा पाहून दचकला. दुकानात लग्नाचे बस्ते बांधायला उमरेडकडची माणसं आली होती म्हणे, आणि पहिलाच प्रश्न, "महादेवभाऊ कुठी हाय?" नाही म्हटल्यावर चहा पिऊन परत गेली. एक नाही, तीन घरं. तो यांना म्हणाला, "काका, तुम्ही या ना." (अंकलवरून काकावर आला. भाऊ म्हणायला त्याचं वय आडवं येतं, तेवढं आम्ही सोडून दिलं.) हे पाय खड्ड्यात हलवत राहिले. मग विचारलं, खुर्ची कुठे आहे. कुशल म्हणाला, कुठे ठेवू सांगा. ताक-भात संपल्यावर सोमवारपासून हे परत जाणार आहेत. त्या रात्री जेवताना विदर्भाचा अनुशेष निघाला नाही. आंब्याचा रस निघाला.

तर रविवारचं उत्तर तुझ्या लक्षात आलं असेल. आम्ही येत नाही. पुण्यावर माझा राग नाही. पियुष तिथं आहे, तू आहेस, आणि पुढे कधी हातपाय थकले तर तुमच्याच दारात येऊ, तेव्हा पुरण पुन्हा घालायला लावू. पण आत्ता कोणीतरी आम्हाला विचारतं आहे. विचारत आहेत तोवर इथं बसावं असं वाटतं. मला ठाऊक आहे की पाऊस पडला की दारं पुन्हा लागतील, कदाचित पुढच्या मार्चमध्ये सगळे कूलरपुढे बसतील. तरी एक उन्हाळा असा गेला, आणि पुढच्या वर्षी खड्डा जागेवर असेल. तू मालकासमोर तोंडघशी पडलास त्याबद्दल तुझी माफी मागते आणि वहिनींच्या पुरणाबद्दल वहिनींची. राग आला असेल तर फोन करून ओरड, पण स्पीकरवर नको.

तुझी धाकटी बहीण,
कामिनी

ता. क. महादेवराव म्हणतात, एवढं मोठं पत्र लिहिलंस आणि मुख्य गोष्ट राहिलीच. तू पुण्याला जाताना इथून ट्रकमध्ये घालून जो कूलर नेला होतास, तो तुमच्या गॅलरीत इतकी वर्षं उभा आहे आणि वहिनी त्यात कांदे-बटाटे ठेवतात, हे पियुषनं सांगितलं. पुण्यात कूलर लागत नाही ना? मग कांदे काढून तो पाठवण्याचं बघ. खरं सांगायचं तर पत्र लिहायला मी बसले ते त्या कूलरसाठीच. गाव का सोडतात वगैरे जे वर लिहिलं ते लाइट येईपर्यंत सुचत गेलं. खड्डा संध्याकाळपुरता ठीक आहे, रात्री त्यात झोपता येत नाही.

ता. क. २. मनकर्णाकाकूंनी राखेच्या कुरड्या धुऊन पुन्हा वाळवल्या आहेत आणि एक डबा तुमच्यासाठी बाजूला काढला आहे. तळल्यावर समजत नाही म्हणतात. वहिनींना यातलं काही सांगू नकोस.

ता. क. ३. आणखी एक. नत्थूजींचा माग माळ्यावरून उतरवला. लाकूड चांगलं आहे, सगळं जागेवर आहे, फक्त आडवं सूत नेणारा धोटा नाही. त्यांचे धोटे नातवंडांनी कधीच खेळण्यात घालवले. मला आठवलं, बाबांचा धोटा तू जाताना पेटीत कपड्यांखाली ठेवून नेला होतास. तो वहिनींच्या शोकेसमध्ये आहे, ताजमहालाच्या आणि त्या हसऱ्या ढेरपोट्या बुद्धाच्या मध्ये. तो हवा आहे. पण कुरियरनं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. हे पत्र पाकिटात घालायच्या आत गवंडी एकदाचा परत आला, आणि आता तो खड्डा बुजवायचा नसून कडेनं विटा लावून पक्का करायचा आहे हे त्याला मी समजावलं आहे. तो विचारतो, खड्ड्याची खोली किती ठेवू. नत्थूजी म्हणाले, "मुकुंदाले विचारा, थो उंचीनं बापूच्याही वर गेला होता." तेव्हा रविवारी मालकाला उत्तर देऊन झालं की खुर्चीवर बस, आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत तुझा पाय किती भरतो ते वहिनींकडून मोजून घेऊन मला कळव. दुखरा गुडघा मोजलास तरी चालेल. आम्ही दोन बोटं जास्तच ठेवू.